मेण लावलेली बाभूळ

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

जळणाला कीड लागली! सकाळी परसात दात घासत उभा होतो, तर बाभळीच्या ढिगाखाली पिवळसर पीठ. नुसतं सांडलेलं नाही, छोट्या छोट्या ढिगल्या. आधी वाटलं साधनाने रांगोळीचा डबा झटकला. बोटाने उचलून पाहिलं. मऊ, अंगाला लावायच्या पावडरीसारखं. एक ओंडका आपटला तर अजून मूठभर खाली आलं.

साधना लगेच, "अहो, वाळवी आहे! घरात शिरेल!" वाळवी कसली? वाळवी मातीच्या नळ्या करते. इथे मातीचा कण नाही. गोल भोकं आहेत, काही टाचणीच्या डोक्याएवढी, काहींत पेन्सिल जाईल. हा भुंगेऱ्याचा उद्योग. मनमाडला रेल्वेच्या सुतारखात्यात छत्तीस वर्षं काढली. लाकडातल्या किड्यांची ओळख मला कोणी करून द्यायला नको.

"मग टाकून द्या." म्हणे टाकून द्या! मे महिन्यात ही बाभूळ मी पाडून घेतली, मी करवतीने तोडली, सगळा पावसाळा मी ताडपत्री घालतोय आणि काढतोय. कशासाठी? चैताली डिसेंबरात बाळंत होणार. आमची एकुलती एक लेक, पहिलं बाळंतपण. साधनाच्या माहेरची रीत अशी, की बाळंतिणीला सव्वा महिना बंबाचं पाणी, गिझरचं नाही. खोलीत शेगडी, आणि शेगडीत बाभळीचेच निखारे, कारण ते टिकतात. लेकीच्या बाळंतपणाचं लाकूड मी किड्यांच्या घशात घालणार नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी ढिगाला कान लावून बसलो. आतून ऐकू येतं — कर्र, कर्र. थांबतं. परत कर्र. माझ्याच परसात माझंच लाकूड खातायत, आणि वर आवाज करून!

२२ ऑक्टोबर, मंगळवार

दोन चोर सापडले. एक लांब मिशांचा, करडा, बोटाच्या पेराएवढा. सालीखाली त्याची अळी — पांढरी, गुबगुबीत, तोंड तेवढं काळं. साल सोलली की खाली नुसत्या वळवळत गेलेल्या वाटा, भुशाने गच्च भरलेल्या. दुसरा चोर तांदळाच्या दाण्याएवढा, तपकिरी. पीठ करतो तो हा. बाहेरचं पांढरं लाकूड खातो, आतला लाल गाभा त्याच्या दाताला लागत नाही. म्हणजे निम्म्याहून जास्त माल अजून शाबूत आहे.

चैतालीला फोटो पाठवला, तर फोन आला जावयाचा. ललित म्हणाला, "आप्पा, मी वाचलं त्याच्यावर. हे किडे सालीच्या, अर्धवट ओल्या लाकडात होतात. घरातल्या दाराखिडक्यांना काही करत नाहीत. जळणाला औषध मात्र मारू नका, ते धुरातून येतं. तसंच जाळा, किडेही जळतील."

मी म्हटलं, "बरं."

हा पुण्यात आठव्या मजल्यावर राहतो. घरात काडेपेटी शोधली तर सापडायची नाही! हा मला लाकडाचं शिकवतोय. तसंच जाळा म्हणे. डिसेंबरपर्यंत जाळायला उरेल काय, पीठ?

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

वाळवीचं औषध आणलं. शेतीच्या औषधांच्या दुकानात गेलो होतो. पोऱ्या नव्हता, मालकच गल्ल्यावर. "कशाला पाहिजे काका?" मी म्हटलं, दाराच्या चौकटीला. जळणाला म्हटलं असतं तर चार गिऱ्हाइकांसमोर हसला असता.

साधनाला सांगितलेलं नाही. तिला वास सहन होत नाही, आणि प्रश्न फार विचारते.

२८ ऑक्टोबर, सोमवार

काम सुरू केलं, आणि नीट पद्धतीने. वरून फवारा मारणं हे अडाण्याचं काम. आम्ही कारखान्यात चांगल्या लाकडाचं करायचो तसंच — प्रत्येक भोकात इंजेक्शनच्या सुईने औषध सोडायचं, आणि वरून वितळवलेल्या मेणबत्तीचा थेंब. भोक बंद. औषध उडून जात नाही, आतल्या आत झिरपत राहतं. अळी जिथे असेल तिथे मरते.

हातात मोजे, तोंडाला रुमाल, डोळ्यांना चष्मा. झाल्यावर शर्ट वेगळा धुतला, साबणाने कोपरापर्यंत हात. निष्काळजीपणा मला चालत नाही.

साधना खिडकीतून, "हे काय, दिवाळीच्या पणत्या आत्तापासून?" मी म्हटलं, मेण लावतोय, किड्याचा श्वास कोंडतो. "तुमचं आपलं काहीतरीच," म्हणाली आणि आत गेली. खोटं तर बोललो नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. संपलं एकदाचं काम. पाठ धरली आहे. पण ढीग बघायला पाहिजे! एकेका ओंडक्यावर पांढरे ठिपके, ओळीने. दुपारी परत कान लावला. आवाज बंद.

आता दीड महिना ऊन खाईल. तोवर औषधाचा असर संपतो. मनमाडच्या क्वार्टरमध्ये असले औषध मारलेले तुकडे मी घरी आणून बंबात घातलेत. कोणी मेलं नाही. अर्थात तो बंब अंगणात होता.

१७ नोव्हेंबर, रविवार

चैताली आली! ललितने गाडीतून सोडलं. पोटाचा घेर एवढा, की गाडीतून उतरताना तिचा हात मी धरला आणि मलाच धाप लागली. पाय सुजलेत. आल्या आल्या परसात गेली. "आप्पा, हे सगळं माझ्यासाठी?" म्हटलं, नाहीतर काय शेजाऱ्यांसाठी? ओंडक्यावरच्या मेणावर बोट फिरवून हसली. "आप्पा, तुम्ही जळणालासुद्धा पॉलिश करता!"

ललित शेजारीच उभा होता. "औषध वगैरे नाही ना मारलंत?" मी म्हटलं, मेण आहे, दिसत नाही का?

खरं सांगायचं तर तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं का, असं क्षणभर वाटलं. पण त्या पोरासमोर मान खाली घालायची?

५ डिसेंबर, गुरुवार

हरामखोर! सात ओंडक्यांखाली परत पीठ. म्हणजे अंडी राहिली होती आतमध्ये. या वेळी औषध पाणी न घालता सोडलं, दुप्पट. वर जाड मेण. या सात ओंडक्यांवर खडूने फुल्या केल्या होत्या, पण संध्याकाळी साधनाने झाडांना पाणी घालताना नळी फिरवली, फुल्या गेल्या.

असू दे. लाकूड लाकडात मिसळलं.

१४ डिसेंबर, शनिवार

मुलगी! सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. अडीच किलोला थोडी कमी. चैताली बरी आहे. नर्सने दुपट्यात गुंडाळलेलं ते गाठोडं माझ्या हातात दिलं, आणि मणामणाच्या तुळया खांद्यावर वाहिलेला मी ते घेऊन भिंतीला टेकून खाली बसलो. डोळे मिटून होती. कपाळ साधनाचं, कान माझे. बिचारीला कान माझे!

परसात येऊन बंब घासला. चिंच लावून. लख्ख.

१७ डिसेंबर, मंगळवार

बाळ-बाळंतीण घरी आली. थंडी मरणाची पडलीय, सकाळी नऊ अंश.

बायडाबाई सकाळी सातलाच हजर. ही पेठच्या पुढच्या कुठल्याशा पाड्यावरची. भात झोडून झालं की त्यांचं सगळं घर इकडे द्राक्षांच्या कामाला उतरतं, पोरगा बागेत राबतो आणि ही आमच्या कॉलनीत बाळ-बाळंतिणींचं मालिश करते. सहा हिवाळे झाले येतेय. हात असा, की रडणारं पोर तेल लागताच गप्प होतं. या वर्षी तिची स्वतःची सून नवसा पण दिवसांत आहे, गावाकडे. "मग तू इथे कशी?" साधनाने विचारलं. "तिची आई हाय तिथं. मी न् पोरगा इथं कमावू तवा तिथं खातील ना ताई."

बंब तिनेच पेटवला. मी ओंडके काढून दिले. थोड्या वेळाने आली, "दादा, ह्या लाकडाला वास हाय."

"कसला वास?"

"औषीदाचा. बागेत फवारा मारला की येतो तसा."

मी म्हटलं, "छे! मेण आहे ते. कीड लागू नये म्हणून मेण लावलंय. लाकूड एकदम चांगलं आहे, एकेक ओंडका मी हाताने तपासलाय." जरा आवाज चढवूनच बोललो. साधना पण ऐकत होती.

"बरं. दादा रेल्वेतले. दादांना ठाव," म्हणाली, आणि फुंकणी घेऊन बसली.

निखारे शेगडीत भरून खोलीत नेले. खिडक्या लावल्या. ओवा, बाळंतशेपा, वावडिंग असं काहीबाही तिच्या पुडीत असतं, ते निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरी दिली. शेगडी खाटेखाली. सगळं घर ओव्याने दरवळलं. अगदी आमच्या चैतालीच्या वेळचा वास.

१९ डिसेंबर, गुरुवार

बायडाबाईचे डोळे लाल. "धूर लय लागतो," म्हणाली. चैतालीचं डोकं दुखतंय. जागरण.

२१ डिसेंबर, शनिवार

पोरगी दूध ओढत नाही. तोंडातून लाळ येतेय, सारखी. साधना म्हणते, लाळ सुटली म्हणजे दात लवकर येणार. आठ दिवसांच्या पोरीला दात! चैतालीला मळमळ.

थंडीच आहे ती. आज शेगडीत चार निखारे जास्त घाला म्हणून मीच सांगितलं.

२२ डिसेंबर, रविवार

सकाळी धुरी झाली आणि दहा मिनिटांत चैताली ओरडली. पोरगी निळी. ओठ निळे, अंग ढिलं, छातीत घुरघुर. बायडाबाईने तिला उपडी करून पाठ चोळली, तोंडातली लाळ पदराने पुसली, पुन्हा पुन्हा. मी रिक्षा आणायला धावलो, एका पायात चप्पल होती आणि एका पायात नव्हती.

मुलांच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलंय. नाकात नळी. डॉक्टरीणबाईंनी पापण्या उघडून टॉर्च मारला, आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

देवा, माझं आयुष्य घे. आणि काही लिहवत नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

ललित पहाटेच पोचला. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. "बाळाच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. लाळ, श्वास मंद. हे कीटकनाशकाच्या विषासारखं दिसतंय. त्यावरचं इंजेक्शन सुरू केलंय. घरात काही फवारलं होतं का? ढेकणांचं, झुरळांचं, वाळवीचं?"

साधना म्हणाली, "नाही हो. बाळंतिणीच्या घरात कोण फवारेल?"

ललितने माझ्याकडे पाहिलं. "आप्पा? त्या लाकडाला?"

चैताली चाकाच्या खुर्चीत बसली होती, केस विस्कटलेले, अंगावर दुधाचे डाग. ती पण माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "मेण लावलंय फक्त." आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पुढे म्हणालो, "ती धुरीची पुडी असते ना. उघड्यावरून आणतात. त्यात काय फवारलेलं असेल, सांगता येत नाही."

हे वाक्य मी बोललो. मीच. कोणी विचारलं नव्हतं.

दुपारी कपडे न्यायला घरी आलो तर साधना परसात, बायडाबाईवर ओरडत होती. "माझ्या नातीला मारायला निघालीस! कुठून आणलीस ती पुडी?"

"ताई, माझी पुडी मी माझ्या हातानं वाळवली. रानातली हाय. माझ्या सुनेलाबी हीच देणार हाय." मग माझ्याकडे वळली. "दादा, तुमी तरी सांगा."

मी चष्मा काढून पुसत बसलो. स्वच्छ होता तो.

ती गेली. जाताना बंबातली राख काढून, कोपऱ्यात झाडू मारून गेली.

२४ डिसेंबर, मंगळवार

सांगितलं. डॉक्टरीणबाईंना, एकट्यांना, जिन्यात गाठून. बाटली पिशवीत घेऊन गेलो होतो, लेबल दाखवलं. कसं सुईने घातलं, कसं मेण लावलं, दुसऱ्यांदा पाणी न घालता — सगळं. त्या लेबलाचा फोटो काढत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मेण कशाला?"

"औषध उडून जाऊ नये म्हणून."

"मग ते उडालं नाही, आजोबा. आतच राहिलं. तुम्ही शेगडी पेटवलीत, मेण वितळलं, आणि बंद खोलीत ते सगळं बाहेर आलं."

छत्तीस वर्षं मी याच पद्धतीचं कौतुक करत आलो. जे लाकूड टिकवायचं त्यासाठी ती पद्धत. जे जाळायचं त्याला कशाला टिकवायचं? एवढी साधी गोष्ट. ललितने फोनवर वाचली ती, दोन मिनिटांत.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "नाव कळलं ते चांगलं झालं. काल कळलं असतं तर अजून चांगलं. मी केसपेपरवर लिहितेय, पण घरच्यांना तुम्ही स्वतः सांगा, आजच. आणि ते लाकूड जाळू नका. कोणी हात लावायचा नाही. महापालिकेला विचारा, ते नेतील, तोपर्यंत झाकून ठेवा." मी हो हो म्हणालो.

बाहेर बाकावर चैताली ललितच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. तिला उठवून सांगू?

२५ डिसेंबर, बुधवार

आज बारावा दिवस. बारसं असतं आज.

२६ डिसेंबर, गुरुवार

पोरगी अजून पेटीत. इंजेक्शनचा डोस परत वाढवला. काचेवर हात ठेवून उभा राहतो. छाती खाली-वर होते ती मोजतो. वीस झाले की पुन्हा एकपासून.

साधना सारखी एकच बोलते, "त्या बाईला घरात घेतलं मी, माझंच चुकलं." मी पाण्याचा ग्लास भरून देतो. नवरा म्हणून एवढंच करतो.

नाही सांगितलं. आता सांगून पोरीच्या श्वासात काय फरक पडणार आहे? डॉक्टरांना माहीत आहे, औषध चालू आहे. पोरगी घरी आली की सांगेन. आत्ता सांगितलं तर चैताली कोलमडेल.

चैताली कोलमडेल म्हणे! भित्रा म्हातारा. माझं हसं व्हायला नको, ललितने मान डोलवायला नको, हे खरं कारण. निदान इथे तरी खरं लिहावं.

२८ डिसेंबर, शनिवार

डोळे उघडले! नळी काढली. माझं बोट धरलं तिने, घट्ट नाही, पण धरलं. चैताली रडायला लागली, ललित रडायला लागला, नर्स म्हणाली, "अहो, आता तरी हसा!"

डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "धोका टळलाय. पण ऐकू येणं, मान धरणं, हे पुढे बघत राहावं लागेल. वर्षभर तरी. सांगितलंत घरी?"

"आज सांगतो."

त्या केसपेपर उचलून निघून गेल्या.

२९ डिसेंबर, रविवार

घरी येऊन परसात गेलो. ताडपत्री काढली. अर्ध्याहून जास्त ढीग शिल्लक आहे. मेणाचे ठिपके उन्हात चकाकत होते. ताडपत्री परत टाकून दोरीने बांधली. महापालिकेत फोन केला, तिथली बाई म्हणाली रविवार आहे, उद्या करा.

३० डिसेंबर, सोमवार

केला नाही फोन. लाकूड न्यायला गाडी दारात आली, की साधना विचारणार, का? त्याआधी सांगायला हवं. आणि सांगायचं, तर पोरगी घरी आल्यावर.

नाही सांगितलं.

१ जानेवारी २०२५, बुधवार

दवाखान्यात दिवसभर मी असतो, साधना दुपारी घरी जाऊन येते. आज चैताली तिला म्हणाली, "आई, बायडाबाईंना तू फार बोललीस. बाळ निळं पडलं तेव्हा त्यांनीच तोंड साफ केलं. डॉक्टर म्हणाल्या, तेवढ्याने श्वास चालू राहिला."

साधना म्हणाली, "पुडी तिची होती, पण तिला काय माहीत असणार? तीही फसलीच." आणि डोळ्याला पदर. "फोन करते तिला. माफी मागते."

मी म्हटलं, "कर, कर. जरूर कर." मनातून बरं वाटलं. वाटलं, माझं निम्मं ओझं हिनेच उतरवलं.

३ जानेवारी, शुक्रवार

उद्या सुट्टी मिळणार दोघींना. खोलीतली शेगडी साधनाने माळ्यावर टाकली. आता गिझर, आणि ललितने आणलेला हीटर. रीत गेली चुलीत, म्हणाली.

उद्या पोरगी उंबरठ्यातून आत आली, की भाकरतुकडा ओवाळून होईल, आणि मग सगळ्यांना बसवून सांगेन. साधनाला, चैतालीला, ललितला. मग बायडाबाईच्या पायावर डोकं ठेवीन. ठरलं. शब्दसुद्धा ठरवलेत.

४ जानेवारी, शनिवार

सांगितलं. अकरा वाजता, सगळ्यांसमोर. ललित उठून उभा राहिला. चैतालीने पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि माझ्याकडे पाठ केली. ते मी धरून चाललो होतो.

पण साधना पांढरी पडली. "ते लाकूड?" एवढंच म्हणाली.

परसात गेलो. ताडपत्रीची घडी घालून दोरीने बांधून ठेवलेली. ढीग नाही. जमिनीवर नुसतं पीठ.

परवा, मी दवाखान्यात असताना, बायडाबाईचा पोरगा बागवाल्याची पिकअप घेऊन आला होता. त्यांची सून नवसा बाळंत झाली, मुलगा झाला, रानातून मोळ्या आणायला घरात कोणी नाही. माफी मागताना साधनाने सगळा ढीग देऊन टाकला. बाई घ्यायला तयार नव्हती, म्हणाली, दादांनी एवढं जपलेलं लाकूड. हिनेच आग्रह केला — "अगं ने, चांगलं आहे, दादांनी एकेक ओंडका तपासलाय."

परवा. म्हणजे दोन दिवस धुरी झाली.

फोन लागत नाही. ललित गाडी काढतोय. "आप्पा, पेठच्या पुढे कुठे? पाड्याचं नाव काय?"

सहा हिवाळे ती आमच्या दारात येतेय. नाव साधनाला माहीत नाही. मलाही नाही.